सहा वह्या भरल्या, तरी मी मला सापडलो नाही

प्रश्न विचारणारे गृहस्थ नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेब पाहतात, वय ३८. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "कॉलेजात कविता करायचो. मग आईने ती वही रद्दीत दिली आणि ते सुटलं. लिहिल्याने स्वतःची ओळख होते असं कुठेतरी वाचलं, म्हणून गेले आठ महिने रोज रात्री दोन पानं लिहितो. सहा वह्या भरल्या. मागचं वाचलं तर सगळी पानं सारखीच वाटतात, आणि मी मला सापडलेलो नाही. कविता लिहू की गद्य? का माझ्यात ते नाहीच?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तो पुढे वाटेत लुडबुडणार नाही. 'ते' म्हणजे प्रतिभा म्हणत असाल, तर या कामाला तिची फारशी गरज नाही. मी २६ वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवलं, आणि गेली १४ वर्षं दर रविवारी सकाळी त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या व्हरांड्यात आठ-दहा जणांना घेऊन लिहायला बसते. तिथे निवृत्त नर्स आली, कॉटन मार्केटात भाजीची अडत असलेले एक काका आले, इंजिनिअरिंगला दोनदा नापास झालेला एक पोट्टा आला. ज्यांचा हात आधीच बसलेला असतो त्यांनाच उलट उशीर लागतो. वाक्य छान उतरलं की ते त्याच्याकडे पाहत बसतात, पुढे सरकत नाहीत. छान वाक्याच्या आड माणूस आरामात लपतो.

आता खरी अडचण. तुम्ही विचारता कविता की गद्य, पण मी अडखळले ते 'सगळी पानं सारखीच वाटतात' या वाक्याशी. आठ महिन्यांत साधारण २४० रात्री येतात. त्या सारख्या असूच शकत नाहीत. एखाद्या रात्री लाइट गेली असेल, एखाद्या रात्री ट्रक अडकला म्हणून तुम्ही ११ वाजता घरी आला असाल, एखाद्या रात्री बायकोशी न बोलता जेवला असाल. तरी पानं सारखी झाली, कारण तुम्ही वहीत निकाल लिहिता, खटला लिहीत नाही. तुमच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण 'आजही कोणी समजून घेतलं नाही', 'माणसं स्वार्थी असतात', 'आपल्या नशिबातच नाही' अशी वाक्यं त्यात भरपूर निघतील यावर मी आलूबोंड्याची पैज लावायला तयार आहे. निकाल थोडेच असतात. आयुष्यभर पुरतील असे चार-पाच. म्हणून पानं सारखी.

नागपूरच्या माणसाला हे समजावणं त्यातल्या त्यात सोपं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत, मोठाले पुतळेच, मिरवणुकीने निघतात. वर्षभराचं साचलेलं, महागाईपासून डेंगूपर्यंत, त्याचे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, करायचे, इतवारी-महालातून मिरवायचे, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि शेवटी सगळं जाळून टाकायचं. मारबत घरी आणून कोणी बैठकीत ठेवत नाही. तुम्ही मात्र आठ महिने रोज रात्री एक मारबत करून राहिले, वर तारीख घातली आणि कपाटात जपून ठेवली. मग मागचं वाचताना अंगावर येणारच ना बाप्पा!

लिहिण्याची दोन कामं आहेत आणि तुमच्याकडे ती एकमेकांत मिसळली आहेत. एक काम रिकामं होण्याचं. ते चांगलंच आहे, मीही करते. पण त्याला वही लागत नाही. पाठकोरे कागद घ्या, दहा मिनिटं जे येईल ते लिहा, शिव्या आल्या तर शिव्या, आणि न वाचता फाडून टाका. दुसरं काम शोधण्याचं. ते वहीत करायचं, जपायचं, महिन्या-दोन महिन्यांनी परत वाचायचं. पहिलं लिखाण दुसऱ्याच्या वहीत शिरलं की शोध थांबतो, कारण तक्रार करणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं.

शोधायचं तर गद्यापासून सुरू करा, आणि गद्यात फक्त प्रसंग लिहा. एक जागा, फार तर पंधरा मिनिटांचा वेळ, कोण कुठे उभं होतं, हात काय करत होते, नेमकं काय बोललं गेलं. निकाल एकही नाही. हे ऐकायला शाळेतल्या निबंधासारखं वाटतं, पण करून पाहा, घाम फुटतो.

मघाशी उल्लेख केला त्या नर्सबाईंचं सांगते. त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. त्या कित्येक महिने एकच लिहीत होत्या: इतकी वर्षं सेवा केली, जाताना कोणी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, शेवटच्या ड्युटीची शेवटची पंधरा मिनिटं लिहा. त्यांनी लिहिलं. वॉर्डातल्या कपाटाच्या चाव्या दिल्या, रजिस्टरवर सही केली, थर्मामीटर मोजले, परत मोजले, मग पर्स घेऊन निघाल्या. वाचून दाखवताना 'परत मोजले'पाशी त्या थांबल्या आणि स्वतःलाच म्हणाल्या, "मी दोनदा कायले मोजले?" पुढच्या तीन रविवारांत त्या प्रश्नातून एक फार जुनी गोष्ट बाहेर आली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्यावर एकदा चोरीचा संशय घेतला गेला होता, खोटाच. म्हणजे कोणी विचारलं नाही हे दुःख वरचं होतं. खालचं असं होतं की इतकी वर्षं त्या आपण चोर नाही हे सिद्ध करत राहिल्या, आणि शेवटच्या दिवशीही 'बाई, तुम्ही प्रामाणिक होतात' असं कोणी म्हटलं नाही. हे कुठल्याही निकालात सापडलं नसतं. ते थर्मामीटरमध्ये होतं.

तर प्रसंग. त्याच्यानंतर येते भाषा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पोट याच भाषेवर भरलं आणि तिच्या खोड्याही मला ठाऊक आहेत.

मराठीत लपायला खूप जागा आहे. आपल्याकडे भावना माणूस करत नाही, त्या त्याच्याकडे येतात. राग येतो, कंटाळा येतो, भीती वाटते, लाज वाटते. जणू राग ही गोंदियाहून येणारी पॅसेंजर आहे आणि आपण नुसते फलाटावर उभे. भाषेची घडणच तशी, त्यात चूक काही नाही. पण स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाला ही घडण सोयीची पडते, आणि सोय झाली की शोध संपतो. दुसरी पळवाट म्हणजे 'राहून गेलं', 'बोललं गेलं', 'होऊन बसलं'. (मीच वर दोन ठिकाणी 'बोललं गेलं', 'घेतला गेला' लिहून बसले आहे, बघा.) तिसरी सगळ्यात लाडकी: 'आपण'. 'आपण कितीही केलं तरी आपल्याला कोणी विचारत नाही.' हे आपण म्हणजे नेमके किती जण? वहीसमोर तर एकटेच बसलेले असता.

म्हणून माझ्याकडे एक कसरत आहे. आपलंच जुनं पान घ्यायचं, 'मला अमुक आलं', 'तमुक राहून गेलं' आणि 'आपण' यांच्याखाली रेघा मारायच्या, आणि तीच वाक्यं 'मी'ने सुरू करून परत लिहायची. 'मला राग आला' याचं 'मी रागावलो' करायचं, आणि जमलं तर त्याच्याही पुढे, 'मी ताट सरकवलं'. प्रत्येक वेळी नवं वाक्य जास्त खरं असतं असं नाही. कधी कधी 'राग आला' हेच बरोबर असतं, तो खरंच बाहेरून आल्यासारखा आलेला असतो. पण बदलताना कुठे टोचतं ते कळतं, आणि मला तेवढंच हवं असतं. एकाने लिहिलं होतं, 'आईला फोन करायचं राहून गेलं.' बदलून झालं, 'मी आईला फोन केला नाही.' तो थोडा वेळ त्या वाक्याकडे बघत बसला, आणि खाली आपण होऊन लिहिलं, 'कारण तिने उचलला असता.' त्या दिवशी पुढे कोणी काही वाचलं नाही. चहा करायला मी आत गेले.

भाषेवरून आणखी एक. ज्या बोलीत तुम्ही घरात भांडता त्या बोलीत लिहा. निदान पहिला खर्डा तरी. एका मुलीने लिहिलं, 'त्या रात्री मी एकांतात अश्रू ढाळत होते.' मी विचारलं, हे बहिणीला फोनवर कसं सांगितलं होतंस? ती म्हणाली, "मी बाथरूममध्ये बसून रडून राहिली होती, अन् नळ चालू ठेवला होता." आता हा नळ कुठून आला? अश्रू ढाळले तेव्हा नळ नव्हता. प्रमाण भाषेने तो वगळला, आणि सगळी गोष्ट त्या नळात होती: घरात आवाज जाऊ नये, कोणी विचारू नये. आपल्या 'करून राहिलो'ला पुण्याकडचे लोक हसतात. हसू द्या. वही पुण्याला पाठवायची नाहीये.

आमच्या व्हरांड्यात काही शब्दांना दंडच आहे: हुरहूर, ओंजळ, अनामिक, पाऊलखुणा. शब्दामागे एक आलूबोंडा, सगळ्यांसाठी. बाहेर ४५ अंश तापलेलं असताना, कूलरसमोर बसून, लोक हळव्या पावसावर लिहितात हो! पाऊस काय, पडला तर पडला जूनमध्ये. पण मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता सामसूम रस्ता पाहून तुमच्या पोटात काय होतं ते लिहा ना, ते दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही.

आता कविता. गद्यानंतर कविता कशाला, असं तुम्ही विचाराल. गद्याकडे जागा असते, आणि जागा असली की माणूस बाजू मांडतो. 'पण', 'तरीही', 'खरं तर', 'त्यातही माझा हेतू असा होता की'. वकिली सुरू होते. कवितेत, तीही अक्षरं मोजून लिहायच्या कवितेत, वकिलीला जागा उरत नाही. काय ठेवायचं ते निवडावं लागतं आणि निवडताना हात जिथे जातो ते तुमचं असतं. मी सुरुवातीला मुक्तछंद देत नाही तो याचसाठी. डायरीच्या ओळी मोडून एकाखाली एक मांडल्या की कविता झाल्यासारखी दिसते, आणि आतली तक्रार तशीच राहते. मुक्तछंद वाईट असं मी म्हणत नाही, तो अवघड आहे. मराठीत मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या आपल्या विदर्भातल्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी रूढ केली, हे मी वर्गात आवर्जून सांगायची.

मी देते तो मोठा अभंग. सांगायला सोपा: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं. तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला तर हे आवडेल.

माझंच उदाहरण देते, लोकांचं सांगण्यापेक्षा बरं. बाबा गेल्यावर मी त्यांच्याबद्दल पुष्कळ गद्य लिहिलं. सगळ्याचा सूर एक: त्यांचा जीव दादावर होता, माझ्यावर नव्हता. पुरावेही होते. दादाला सायकल, मला नाही. दादाला बाहेरगावी शिकायला पाठवलं, मला इथेच. पानं आणि पानं. सगळं खरं, एक शब्द खोटा नाही. मग एका रविवारी, इतरांना दिलेली कसरत आपणही करावी म्हणून मी अभंगाला बसले. 'बाबांनी अन्याय केला' हे सहा अक्षरांत बसेना. ते बसत नाही म्हणून मी बाबांची एखादी वस्तू शोधायला लागले, आणि हे उतरलं:

कूलरचे पाणी
आधी भरायचे
माझ्याच खोलीचे
बाबा रोज

मी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे दोन कूलर होते. नळाचं पाणी सकाळी यायचं, ते साठवून ठेवायचं, आणि संध्याकाळी बाहेरच्या अंगाने बादल्या वाहून टाक्या भरायच्या. बाबा ऑफिसातून येऊन बनियनवर ते काम करायचे. माझ्या खिडकीपासून सुरुवात करायचे. कित्येकदा दादाच्या टाकीला पाणी अर्धंच पुरायचं. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? रोज पाहिलेलं होतं. पण माझ्या गद्यातल्या खटल्यात हा साक्षीदार मी कधी बोलावलाच नव्हता. त्याच्यामुळे सायकल खोटी ठरत नाही. सायकल आणि कूलर दोन्ही खरं. मला तोवर निम्मंच माहीत होतं, आणि निम्म्यावर मी पन्नाशी गाठली होती.

म्हणून 'कविता की गद्य' याला माझं उत्तर: दोन्ही, एकाच प्रसंगावर, एकामागून एक. आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं की कवितेत असं काय आलं जे गद्यात नव्हतं, आणि गद्यात जे तावातावाने मांडलं होतं त्यातलं कवितेत काय आलंच नाही. तुमचा शोध घ्यायचा तो त्या फरकात. नुसतं गद्य लिहिणारे आपलीच बाजू घोकत बसतात, आणि नुसती कविता लिहिणारे पुष्कळदा धुक्यात.

अभंगाची आणखी एक चीज आपल्या हाताशी आहे आणि आपण ती फुकट घालवतो. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. कवी स्वतःबद्दल बोलतो आणि ऐन शेवटी स्वतःला परक्यासारखं नावाने हाक मारतो. स्वतःशी 'मी' ऐवजी नावाने बोललं तर तापलेल्या गोष्टीपासून थोडं अंतर पडतं, हे आता मानसशास्त्रातले प्रयोगही सांगतात. आपल्या संतांनी ते काही शतकं आधीच छंदात बसवून ठेवलं. तुम्ही शेवटच्या कडव्यात तुमचं नाव घाला. कागदावरचं नाही, आईने हाक मारायचं ते. माझ्या त्या अभंगाचं शेवटचं कडवं 'धाकली ती म्हणे' असं सुरू होतं. पुढचं इथे देत नाही, ते माझ्यापुरतं.

आता थोडं प्रयोगांचं, कारण 'कुठेतरी वाचलं' म्हणालात. बहुधा त्याचं मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या कामात असावं. त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास छापला. मुलांना चार दिवस ओळीने रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय, काहींना आयुष्यातला सर्वांत क्लेशदायक अनुभव. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर अशा अभ्यासांचा पाऊस पडला. २००६ साली १४६ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सरासरी फायदा निघाला, पण लहान. जादू नाही. मला यातल्या दोन गोष्टींची मदत झाली. पहिली, फायदा त्यांना जास्त झाला ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले. म्हणजे पहिल्या आणि चौथ्या दिवशी तीच रड असेल तर उपयोग बेताचाच. दुसरी, ते चार दिवस होते. आठ महिने नव्हते.

तेव्हा रोज लिहू नका. मराठी शिकवणाऱ्या बाईने हे म्हणावं याचं तुम्हाला नवल वाटेल. एका प्रसंगाला चार बैठका द्या: दोन गद्याच्या, एक 'मी'च्या कसरतीची, एक अभंगाची. मग वही बंद, निदान दहा दिवस. त्या दहा दिवसांत फुटाळा तलावावर चक्कर मारा, तर्री-पोहे खा, हिशेब करा. मन बंद वहीवरही काम करतच असतं, आणि नाही केलं तर तो प्रसंग तूर्त महत्त्वाचा नव्हता असं समजा.

हे सगळं कोणालाही, केव्हाही लागू पडतं असं मी म्हणणार नाही. घाव ताजा असेल, म्हणजे कोणी गेलं त्याला महिना-दीड महिनाच झालाय, घटस्फोटाची केस चालू आहे, तर मी प्रसंग लिहायला लावत नाही. तेव्हा मारबतच बरी, लिहा आणि फाडा. पेनेबेकर स्वतःही सांगतात की एखादी गोष्ट लिहिली तर आपण ढासळू असं वाटत असेल तर ती लिहू नये. मी हा नियम एकदा मोडू दिला होता, एका विद्यार्थ्याच्या हट्टापायी, आणि नंतरचे दोन आठवडे त्याच्या घरी फेऱ्या मारल्या. झोप पार उडाली असेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. लिहिणं त्याच्या जागी येऊ शकत नाही, फार तर त्याच्यासोबत.

घरात जागा नसणं हीही एक अडचण असते, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. एका खोलीत चार माणसं, वही कोण उघडेल याचा भरवसा नाही, तर लिखाण आपोआप सोवळं होतं. अशांना मी सांगते की माणसाला उद्देशून लिहूच नका, वस्तूला लिहा. जात्यावर बसून बायकांनी सासरचं सगळं जात्यालाच सांगितलं ना? 'शिलाई मशीनला पत्र' म्हणून लिहिलेल्या पानात सासूबाईंना काही आक्षेपार्ह सापडत नाही, आणि लिहिणारीला सगळं सापडतं. फोनवर लिहिलं तरी चालेल, पण कसरतीसाठी कागदच बरा. खोडलेलं दिसायला हवं.

आणि कोणाला दाखवायचं का? सध्या नको. व्हॉट्सॲपच्या कवितांच्या ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे पाच मिनिटांत 'वाह, क्या बात है' आणि सात गुलाब येतात, आणि पुढची कविता तुम्ही त्या गुलाबांसाठी लिहिता. पुढे कधी एखादा माणूस मिळाला, जो ऐकून नुसता एक प्रश्न विचारतो, तर त्याला वाचून दाखवा.

सहा वह्यांचं काय करायचं? माझं मत: त्या जाळू नका, अजून. एका रविवारी त्यांच्यातून फिरा आणि जिथे चुकून एखादी वस्तू, एखादी वेळ, कोणाचं नेमकं बोलणं आलंय तिथे पेन्सिलीने खूण करा. सहा वह्यांत पंधरा खुणा निघाल्या तरी पुष्कळ झालं. तेवढं नव्या वहीत उतरवा. बाकीचं काय करायचं ते तान्ह्या पोळ्यापर्यंत ठरवा.

पहिला प्रसंग कुठला घ्यायचा ते मात्र तुम्ही आम्हाला सांगून बसला आहात. तुमच्या संपूर्ण प्रश्नात प्रसंग एकच आहे, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलात: आईने ती वही रद्दीत दिली आणि ते सुटलं. 'ते सुटलं.' बघा, इथेही सोडणारा कोणी नाही. त्या दुपारी तुम्ही घरी होता का? रद्दीवाल्याचा तराजू कुठे टेकवला होता, फाटकाशी की अंगणात? ती वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात कितव्या थरावर होती? आई तेव्हा रद्दीवाल्याशी भाव करत होती की तुमच्याकडे पाहत होती? तुम्हाला नंतर कळलं असेल तर कोणी सांगितलं, आणि ते ऐकल्यावर तुम्ही आईला काय म्हणालात, नेमक्या शब्दांत? काहीच म्हणाला नसाल तर तेव्हा हातात काय होतं ते लिहा. पंधरा मिनिटं पुरतील. आईला त्या रद्दीचे किती रुपये मिळाले आणि त्यांचं त्या संध्याकाळी घरात काय आलं, हे आठवत असेल तर तेही घाला.